एसएसडी स्वस्त झाली. आपल्या अभ्यासिकेत कधी येणार?



शीर्षक वाचून अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतील. अॅट्रॉसिटीचे खटले वर्षानुवर्षे पडून आहेत, शिष्यवृत्ती वर्ष संपले तरी खात्यात येत नाही, कंत्राटी भरतीने आरक्षणाला मागच्या दाराने सुरुंग लावला आहे, आणि हा गडी संगणकाच्या एका सुट्या भागावर लेख लिहितो! आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि तो शब्द आहे वेळ. गरिबाच्या वेळेला या देशात किंमत नाही. ती किंमत मागणे हा आंबेडकरी चळवळीचा विषय नसेल, तर मग कशाचा आहे?

सोलापुरातल्या कोणत्याही वस्तीतली अभ्यासिका डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यात एक-दोन संगणक असतात. बटण दाबायचे आणि चहा पिऊन यायचे. परत आलात तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच असते. ब्राउझर उघडायला दोन मिनिटे, फाइल सेव्ह करायला एक मिनिट, मध्येच 'नॉट रिस्पॉन्डिंग'. मुले वैतागून म्हणतात, पीसी हँग आहे. मंडळाचे कार्यकर्ते म्हणतात, जुना झाला, आता नवीन घ्यावा लागेल. नवीन घ्यायला तीस-चाळीस हजार नसतात. मग तो संगणक तिथेच धूळ खात पडतो आणि मुले पुन्हा मोबाईलच्या पाच-सहा इंची काचेत डोके घालतात.

खरी गोष्ट अशी की बहुतेक वेळा तो संगणक निकामी झालेलाच नसतो. दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर आजही टायपिंग, एक्सेल, ऑनलाइन अर्ज, व्हिडिओ लेक्चर ही कामे सहज करू शकतो. त्याचा गळा आवळलेला असतो हार्ड डिस्कने. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये साधारणतः मिनिटाला 5400 वेळा, आणि एक बारीक दांडी पुढे-मागे सरकून हवी ती माहिती शोधते. चादरीच्या मोठ्या गोदामात एकच माणूस असावा, त्याने शिडी घेऊन दर वेळी एकच चादर काढून आणावी, तसे हे काम. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वेगवेगळ्या ठिकाणांहून आणाव्या लागतात. हार्ड डिस्क अशा विखुरलेल्या फेऱ्या सेकंदाला जेमतेम शंभर मारते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही, सगळे चिपमध्ये. साधी, स्वस्तातली एसएसडीसुद्धा अशा फेऱ्या सेकंदाला हजारोंनी मारते. म्हणूनच मशीन तेच, प्रोसेसर तोच, पण डिस्क बदलली की चार-पाच मिनिटांत सुरू होणारा संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत उभा राहतो. ज्यांनी हे एकदा पाहिले आहे त्यांना वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

आता दराकडे या. पहिली हार्ड डिस्क आयबीएमने 1956 साली आणली. ते साल आपल्याला कुणी सांगायला नको. दोन-दोन फुटी पन्नास तबकड्या, सुमारे टनभर वजन, आणि साठवण किती? पाच एमबी! आज मोबाईलने काढलेला एक फोटो त्यात कसाबसा मावेल. एसएसडीच्या पोटात असते ती फ्लॅश मेमरी 1980 च्या दशकात तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी शोधली. त्या शोधाचा योग्य मोबदला मिळावा म्हणून त्यांना आपल्याच कंपनीविरुद्ध कोर्टात जावे लागले, ही गोष्टही ध्यानात ठेवा. दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्याकडे 120 जीबीच्या एसएसडीला पाच हजारांच्या आसपास मोजावे लागत. ती चैन होती, गेम खेळणाऱ्या श्रीमंत पोरांची. 2023 पर्यंत तिच्या दुप्पट जागेची एसएसडी दीड हजाराच्या घरात आली. म्हणजे एका स्मार्टफोनच्या किमतीत अख्ख्या अभ्यासिकेतले पाच-सहा संगणक जिवंत करता येतील, इतपत हा भाग सामान्य माणसाच्या हाताशी आला.

आणि तरी आपल्या अभ्यासिकेत तो आला नाही. लेखाचा खरा विषय इथून सुरू होतो.

साधा हिशेब करू. अभ्यासिकेत रोज तीस मुले-मुली संगणक वापरतात आणि संथ यंत्रामुळे प्रत्येकाची फक्त दहा मिनिटे वाया जातात असे धरा. दिवसाला 300 मिनिटे, म्हणजे पाच तास. वर्षातले 300 दिवस धरले तर 1500 तास. आठ तासांचा दिवस मानला तर हे 187 दिवस होतात. एका खोलीतून दरवर्षी सहा महिन्यांहून अधिक कामाचे दिवस चोरीला जातात आणि कुठे एफआयआर होत नाही. कारण हा वेळ ज्यांचा आहे त्यांचा वेळ फुकटच असतो, असे व्यवस्थेने गृहीत धरले आहे. रेशनच्या रांगेत उभे राहा, जात पडताळणीच्या दाखल्यासाठी हेलपाटे मारा, चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्यासाठी काम बुडवून घरी थांबा, आणि आता संगणकासमोर गोल चक्र बघत बसा. हजार विड्यांवर मजुरी मोजणारी आपल्या शहरातली बाई एका तासाची किंमत अर्थतज्ज्ञापेक्षा अचूक सांगेल. तिच्या मुलीचा तास मात्र कुणी मोजत नाही.

बाबासाहेबांनी तो मोजला होता. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते मजूरमंत्री होते, तेव्हा 1946 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचे आठवड्याचे 54 तास 48 वर आले. गिरण्यांच्या या गावाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या आधल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा जाब विचारणाऱ्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू ठामपणे घेतली. त्यांचा मुद्दा असा की माणसाला पशूच्या जिण्यातून बाहेर काढायचे तर त्याला उसंत मिळाली पाहिजे, आणि उसंत यंत्राशिवाय मिळत नाही. संस्कृती उसंतीतून जन्मते. यंत्राने माणसे भरडली जात असतील तर दोष यंत्राचा नसून ते ज्यांच्या मालकीचे आहे त्या समाजरचनेचा आहे. चरख्याकडे परत चला म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी दिलेले हे उत्तर आजही ताजे आहे. म्हणून यंत्र चांगले की वाईट यावर आपण वाद घालत बसू नये. यंत्र कुणाच्या हातात आहे, आणि त्याने वाचवलेला वेळ कुणाच्या पदरात पडतो, हे विचारावे.

काही मित्र विचारतील, यात जात कुठे आली? दुकान सर्वांना खुले आहे, पैसे द्या आणि एसएसडी घ्या. मित्रांनो, जात दुकानाच्या पाटीवर लिहिलेली नसते. संगणक आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने येतो ते पाहा. कंपनीत पाच वर्षे वापरला, मग काढून टाकला, मग कुणीतरी 'समाजसेवा' म्हणून वस्तीत दिला, फोटो काढला, फेसबुकवर टाकला. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे. ती मनुस्मृती आपण 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळली. पण उतरलेली वस्तू खालच्याला द्यावी आणि त्याने उपकार मानावेत, ही रीत काही जळली नाही. मी जुने संगणक घेऊ नका असे म्हणत नाही. ते उपकार म्हणून घेऊ नका, आणि घेतलेच तर दात्याने दिले तसे वापरत बसू नका. आपल्या हाताने उघडा, दुरुस्त करा, वेगवान करा. जीर्ण वस्त्र निमूटपणे अंगावर घालणे आणि त्याच कापडातून आपल्या मापाचे कपडे शिवणे यात स्वाभिमानाचे अंतर आहे.

दुसरा आक्षेप असा की सगळ्यांकडे मोबाईल आहे, मग संगणक कशाला? मोबाईल पाहण्यासाठी आहे, घडवण्यासाठी फारसा नाही. त्यावर रील बघता येते. चाळीस पानांचा प्रकल्प अहवाल लिहिता येत नाही. महाडीबीटीवर अर्ज मोबाईलवरून भरायला घेतलेल्यांना कागद अपलोड करताना काय होते ते माहीत आहे. शेवटी पोरगा नेट कॅफेत जातो आणि पैसे मोजून दुसऱ्याकडून अर्ज भरून घेतो. स्पर्धा परीक्षांचे तर विचारूच नका. 2023 ची तलाठी भरती घ्या. चार हजारांहून अधिक पदे, परीक्षा संगणकावर, शुल्क राखीव प्रवर्गाला 900 रुपये. शुल्क घेताना सरकारने विचारले का, की तू आयुष्यात माऊस किती वेळा हातात धरला आहेस? ज्याच्या घरी संगणक आहे तो पडद्यावर प्रश्न वाचायला सरावलेला असतो. आपला उमेदवार निम्मा जीव यंत्रावर आणि निम्मा प्रश्नावर टाकतो. गुणवत्तेच्या नावाने नंतर टाहो फोडणाऱ्यांना ही दोन उमेदवारांतली तफावत कधी दिसत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वस्तू स्वस्त झाली म्हणजे समता आली असे नव्हे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला होता. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, आणि त्यासाठी माणसांना डोकी फोडून घ्यावी लागली. ठराव कागदावर असतो. तळ्यापर्यंत चालत जावे लागते. बाजारभावाचे तर त्याहून वाईट. ठराव निदान हक्क मान्य करतो, बाजारभाव काहीच मान्य करत नाही. एसएसडी स्वस्त झाली ती गरिबांच्या कळवळ्याने नव्हे. करोनानंतर मागणी घसरली, कंपन्यांकडे माल तुंबला, म्हणून दर कोसळले. आता एआयच्या डेटा सेंटरना मेमरी चिप हव्या आहेत, तर 2025 च्या अखेरीपासून दर पुन्हा वर चढू लागले. 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकाला स्वस्त एसएसडी विकणाऱ्या मायक्रॉन कंपनीने डिसेंबर 2025 मध्ये हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचे जाहीर केले. मोठे गिऱ्हाईक मिळाले की लहान गिऱ्हाइकाला दारातून हाकलायचे, हा बाजाराचा धर्म. बाजार एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो. आज वाढलेल्या दरातही नव्या संगणकापेक्षा डिस्क बदलणे कितीतरी स्वस्त पडते, पण ही संधी कायम राहील अशी हमी कुणी दिलेली नाही. म्हणून जे हक्काने मिळवता येईल ते बाजाराच्या मर्जीवर सोडू नये.

आणि सरकार काय करते? छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, ते योग्यच आहे. सोन्यावर 3 टक्के. एसएसडीवर 18 टक्के! तिजोरीत ठेवायच्या वस्तूला 3 आणि शिकायच्या साधनाला 18, हे या राज्यकर्त्यांचे मोजमाप. 'डिजिटल इंडिया' ही घोषणा ज्यांनी दिली त्यांनी या आकड्यांचे उत्तर द्यावे. करायचे म्हटले तर करता येते. तामिळनाडूने 2011 पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप दिले. केरळने सरकारी शाळांचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालवून परवान्यांचा खर्च वाचवला. महाराष्ट्र फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेण्यात पुढे आहे, एवढेच.

आपल्या सोलापूरला या बाबतीत स्वतःचा इतिहास आहे आणि तो आपण विसरलो आहोत. बाबासाहेबांनी जुलै 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि 4 जानेवारी 1925 रोजी सभेने विद्यार्थी वसतिगृह सुरू केले ते आपल्या सोलापुरात. मुलांच्या राहण्या-जेवण्याबरोबरच कपडे आणि लेखनसाहित्याचा खर्चही सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेकडून वसतिगृहासाठी दरमहा 40 रुपयांचे अनुदान मिळवले. यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, मुलाला वसतिगृहात नुसते घेऊन भागत नाही. त्याच्या हातात लिहिण्याचे साधन देणे ही संघटनेची जबाबदारी आहे. दोन, ते साधन केवळ वर्गणीवर चालवायचे नाही. सार्वजनिक पैशात आपला वाटा आहे, तो मागून घ्यायचा. शंभर वर्षांपूर्वी लेखनसाहित्य म्हणजे दौत, टाक आणि वही. आज ते संगणक आहे.

मग करायचे काय? नुसती टीका करून थांबणे आपल्याला परवडणारे नाही. माझ्या पुढील सूचना आहेत.

1. येत्या महिन्याभरात आपापल्या विहारातले, अभ्यासिकेतले, मंडळाच्या कार्यालयातले संगणक मोजा. किती चालू, किती बंद, कुणात हार्ड डिस्क आहे, रॅम किती, हे एका वहीत लिहा. बंद म्हणून टाकून दिलेल्यांपैकी कितीतरी नुसत्या डिस्क बदलाने उठून उभे राहतील.

2. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक वाटा यासाठी बाजूला काढा. डॉल्बीच्या एका रात्रीच्या भाड्यात किती एसएसडी येतात याचा हिशेब मंडळाच्या बैठकीत सर्वांसमोर मांडा. मिरवणूक बंद करा असे मी म्हणत नाही; बाबासाहेबांची जयंती हा आपला सण आहे. पण मिरवणुकीचा आवाज रात्री विरतो, आणि अभ्यासिकेतला संगणक 15 एप्रिललाही चालू राहतो.

3. समाज कल्याण खात्याच्या वसतिगृहांबाबत माहितीचा अधिकार वापरा. अर्जाचे शुल्क 10 रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून नेमके विचारा: वसतिगृहात संगणक किती, त्यांपैकी चालू किती, खरेदी कोणत्या वर्षी, दुरुस्तीवर गेल्या तीन वर्षांत खर्च किती.

4. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातला 20 टक्के निधी मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचा असतो. त्यातून गावोगावच्या अभ्यासिकांचे संगणक दुरुस्त करण्याची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. नवीन खरेदीत ठेकेदाराला रस असतो, दुरुस्तीत नसतो; त्यामुळे पाठपुरावा आपल्यालाच करावा लागेल.

5. प्रत्येक वस्तीत दोन मुली आणि दोन मुलगे असे तयार करा की ज्यांना डिस्क बदलता येते. एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक पेनड्राइव्ह एवढे पुरते. हे हुनर एकदा हातात आले की त्यावर चार पैसेही मिळतात.

खरेदी करताना फसू नका. जुन्या लॅपटॉपला आणि डेस्कटॉपला बहुधा अडीच इंची 'साटा' एसएसडी लागते. नंतरच्या लॅपटॉपमध्ये 'एम डॉट टू'ची खाच असते. आधी उघडून पाहा, मग घ्या. 256 जीबी पुरेशी आहे. तीन वर्षांची वॉरंटी आणि पक्के बिल मागा. कुठे दोन टीबीची एसएसडी हजार रुपयांत दिसली तर ती बनावट समजा. आत जागा कमी असते आणि तुमच्या फाइली एक दिवस गायब होतात. रॅम दोन जीबी असेल तर एसएसडी एकटी चमत्कार करणार नाही, रॅमही वाढवा. विंडोज 10 ला नेहमीची सुरक्षा-अद्यतने मिळणे 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद झाले, आणि साधारण 2017 च्या आधीच्या बहुतेक यंत्रांना विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे चालते यंत्र भंगारात काढण्याची सोय कंपनीने करून ठेवली. त्यावर उपाय लिनक्स मिंट किंवा उबंटू. ते मोफत आहे, मराठी युनिकोड टायपिंग त्यात होते, आणि कुणाच्या परवान्याची भीक मागावी लागत नाही. आणि हो, ते भंगार शेवटी कुणाच्या वस्तीत येते, ते उघड्या हातांनी कोण फोडतो, तार जाळून तांबे कोण काढतो, हेही विचारा. एक संगणक पाच वर्षे जास्त चालला तर तेवढा विषारी धूर आपल्याच माणसांच्या छातीत जायचा वाचतो.

काढलेली हार्ड डिस्क फेकू नका. ती ठणठणीत असेल तर स्वस्तातले केसिंग घालून तिला बाहेरची साठवण करा. तिच्यात चळवळीचे कागद ठेवा: जुनी पत्रके, परिषदांचे फोटो, भीमगीतांच्या कॅसेटवरून उतरवलेले आवाज, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती. पण एकाच ठिकाणी नको, किमान दोन प्रती ठेवा, कारण एसएसडी असो वा हार्ड डिस्क, एक दिवस दोन्ही दगा देतात. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहू दिला नाही, त्याने आपला इतिहास एका डिस्कच्या भरवशावर ठेवू नये.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण भाषणात शंभर वेळा म्हणतो. शिकायला वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्या मुलांच्या हातून रोज दहा-दहा मिनिटांनी गळतो आहे. ती गळती बंद करण्याचे साधन आज आपल्या ऐपतीत आहे. उद्या असेलच असे नाही. तेव्हा पुढच्या रविवारी विहारात वंदना झाली की कोपऱ्यातल्या त्या संगणकाचे झाकण उघडा, आणि सोमवारी समाज कल्याणच्या कार्यालयात अर्ज टाका. दोन्ही करायचे, एकाने दुसऱ्याची सुटका होत नाही.

जय भीम! जय संविधान!